गयेला जाण्याआधी

इंग्रजी मला अक्षरं जोडून वाचावं लागतं. खोडदच्या दुर्बिणीवर अठ्ठावीस वर्षं रंगाऱ्याचं काम केलं, तिथल्या पाट्या वाचून वाचून तेवढं शिकलो. मंगळवारी सकाळी माझ्या मुलानं, मोहितनं, विमानाच्या तिकिटाचा कागद माझ्यापुढं ठेवला तेव्हा मी तसाच बोट फिरवत वाचत गेलो. माझं नाव लागलं. त्याचं नाव लागलं. खाली तीन गावं होती. पुणे लगेच लागलं, दिल्ली लागलं. तिसरं चार अक्षरांचं होतं. दोनदा जोडलं, दोन्ही वेळा तेच झालं. मी बोट काढून घेतलं.

"हे तिसरं कुठलं?" मी विचारलं. मला ते कळलं होतं, पण ते मी बोलणार नव्हतो.

"गया, आबा. पिंडदान तिथंच असतं ना. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून गया. विमानतळ आहे तिथं. शुक्रवारी पहाटे निघायचं. भटजी ऑनलाइन ठरवलाय, आईचं नाव, तिथी, सगळं भरून दिलंय."

"नाव काय दिलं?"

"काय म्हणजे? मंगल." मग तो जरा थांबला. "घाटघरची आजी आईला वेगळं काहीतरी म्हणायची ते मलाही आठवलं तिकीट काढताना. पण ते लाडाचं असेल. कागदावर मंगल आहे." आणि तो द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला निघून गेला. चांगला मुलगा आहे. आईसाठी दोन महिने रजा वाचवून ठेवली होती त्यानं. पंधरा दिवस तो नुसतं 'काशीकडं जायचंय' म्हणत होता आणि मी हो म्हणत होतो. काशी म्हटल्यावर मला काही झालं नव्हतं.

नारायणगावात तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. खालून हायवेचा आवाज येतो, टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप हॉर्न देत बाजाराकडं वळतात. दहा महिने मी तो आवाज ऐकत या खुर्चीत बसतोय. त्या दिवशी आवाज तसाच होता, पण मला तो लांबून आल्यासारखा वाटत होता. सून अक्षदा भाजी निवडत होती. तिनं माझं तोंड बघितलं असावं. हात पुसून तिनं मोबाईल घेतला. "आबा, जागा कशी आहे ते दाखवते," म्हणाली आणि नाव टाकलं. एक सोडून दहा निघाले. बिहारमधलं शहर निघालं, त्याचा विमानतळ निघाला, जिल्हा निघाला. आफ्रिकेत त्याच नावाचं एक गाव निघालं, नदीकाठी. परदेशातला एक फुटबॉलवाला निघाला, ते त्याचं आडनाव. आणखी कोण कोण माणसं होती, मिशीवाली, टोपीवाली, एक बाई होती पांढऱ्या केसांची. अक्षदा बोटानं यादी वर सरकवत होती आणि मी नकळत बघत होतो, आता येईल, आता येईल. यादी संपली. ती त्यात नव्हती. असायचं काही कारणही नव्हतं.

माझ्या बायकोचं नाव गया होतं. घाटघरची ती, नाणेघाटाच्या तोंडावरच्या गावातली. हे मी आता लिहितो आहे. लिहायला जमतं. बोलायला एकदाही जमलं नव्हतं, अडतीस वर्षांत एकदाही. त्यातला अर्धा दोष रिवाजाचा. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यापुरतं घेतात, तेही लोकांनी दार अडवल्यावर. आमचं घर बिननावाचंच चाललं. मी तिला 'अगं' म्हणायचो, ती मला 'अवं' म्हणायची. नंतर 'मोहितचे आबा' झालं. मी दुर्बिणीच्या डिशवर चढलेला असलो की ती डबा घेऊन कुंपणापाशी यायची. तिथं आत मोबाईल चालत नाही, शिट्टी मारायलाही सायबांची बंदी. आभाळातला बारीक आवाज ऐकायचा तर खाली गप्प राहायला लागतं असं ते म्हणायचे. शिट्टीनं त्यांच्या यंत्राला काय होणार होतं ते मला कधी कळलं नाही. ती चमच्यानं डब्याच्या झाकणावर तीनदा वाजवायची. तेवढ्यावर मी खाली यायचो. अक्षदा नवी होती तेव्हा तिनं विचारलं होतं, "आबा, तुम्ही आईंना हाक कशी मारता?" मी म्हणालो, "खोकतो." ती हसत सुटली होती आणि आत स्वयंपाकघरात बसलेली हीसुद्धा हसली होती. ते हसू मला या दहा महिन्यांत फार वेळा ऐकू आलं.

दुसरा अर्धा दोष माझा. लग्न करून तिला घरी आणली त्या संध्याकाळी माझ्या आईनं, साळुबाईनं, पितळी ताटात तांदूळ पसरले. नवरीचं नवं नाव नवऱ्यानं तांदळात लिहायचं. आमचं गाव तेव्हा अजून पाण्यात गेलं नव्हतं, डिंभ्याचं धरण बांधणं चालू होतं आणि घरं खाली करायच्या नोटिसा आलेल्या होत्या. घरात माणसं दाटली होती. माझ्या मनात काही बदलायचं नव्हतं. आई म्हणाली, "गया नाव घरात नगं. पिंडं टाकायच्या जागंचं नाव ते. सकाळ-संध्याकाळ कोन तोंडात घेईल? मंगल लिव." मी बघितलं तर नवरी खाली मान घालून बसली होती आणि तिचं बोट ताटाच्या कडेला तांदळात होतं. तिनं कडेला बारीक अक्षरात काहीतरी काढलेलं होतं. मला वाटलं उगीच रेघोट्या ओढते आहे. मी तळहातानं तांदूळ सपाट केले आणि मोठ्या अक्षरात मंगल लिहिलं. चौथी पास होतो, अक्षर चांगलं होतं माझं. लोकांनी वाहवा केली. त्या वेळी तिच्याकडं मी परत बघितलं नाही. बघायला हवं होतं असं वाटायलाही अडतीस वर्षं जावी लागली.

कारण त्या रेघोट्या नव्हत्या. हे मला गेल्या वर्षी दवाखान्यात कळलं. पोटातली गाठ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांच्या माणसानं एक फॉर्म आणला, म्हणाला पेशंटची सही पाहिजे. मी म्हणालो, तिला सही येत नाही, अंगठा घ्या. जन्मभर ती अंगठाच द्यायची. रेशनकार्डाला अंगठा, मतदानाला अंगठा, पुनर्वसनाच्या कागदांना अंगठा. निळी शाई पदराला पुसायची आणि तो डाग जायचा नाही म्हणून माझ्यावर चिडायची. त्या दिवशी तिनं हात पुढं केला आणि माणसाच्या हातातलं पेन घेतलं. पलंगाच्या लोखंडी कडेवर कागद ठेवून तिनं दोन अक्षरं काढली. सावकाश, पण न अडखळता. 'ग' ची कमान, त्याचा दांडा, मग 'या'. वर रेघ ओढली. त्या माणसानं बघितलं आणि म्हणाला, "आजी, इथं मंगल आहे. नाव जुळत नाही, हे चालणार नाही." त्यानं दुसरा कागद आणला. तिनं अंगठा पुढं केला. मी विचारलं, "तुला लिहिता येतं?" ती म्हणाली, "एवढंच येतं. दुसरीपातूर शाळंत गेले, तेवढंच शिकवलं बाईंनी. मंग ते लागलंच न्हाई कुठं." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. तिनं कुशी बदलली आणि मी तो रद्द झालेला कागद घडी करून खिशात ठेवला. कागद आता माझ्याजवळ नाही. तिच्याबरोबर चितेवर ठेवला. ते मी कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर ती सोळा दिवस राहिली. कार्तिकात गेली. मी जिवंत असताना गेली म्हणून बायका तिला भाग्याची म्हणाल्या. तिचा भाऊ सावळेराम माहेरची साडी घेऊन आला, रीतीप्रमाणं ती वरून घातली. आईला आणली नव्हती त्यानं. म्हातारी गोजरबाई ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, अर्धं आठवतं, अर्धं नाही. तिला कळवलंही नव्हतं. दशक्रियेनंतर जाताना तो म्हणाला, "दाजी, तिला तुमीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई." बाराव्याला मी फोन केला. सावळेरामनं तिच्या कानाला लावला. मी म्हणालो, "मामी, मंगल गेली."

ती म्हणाली, "कंची मंगल?"

फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागं कोंबड्या. मला फक्त दोन अक्षरं बोलायची होती. जीभ टाळूला लागली आणि तिथंच राहिली. म्हातारी परत म्हणाली, "कंची मंगल, पावणं? तुमच्याकडली का कुणी?" मी म्हणालो, "सावळेरामकडं द्या." त्याला म्हणालो, तू सांग. त्यानंही सांगितलं नाही. पुढं मला त्याच्याकडून कळलं, म्हातारीनं घरात सांगितलं की पावण्यांच्या घरी मंगल म्हणून कोणी वारलं, तेव्हा तीन दिवस गोडधोड करायचं नाही. स्वतः तीन दिवस बाजेवर झोपली नाही, खाली घोंगडी टाकून झोपली. ती सुतकात बसली, पण कुणाच्या ते तिला माहीत नव्हतं. आणि चौथ्या दिवशी उठून विचारलं, गया कवा येनार? तेव्हापासून विचारतेच आहे. संक्रांतीला विचारलं, आखाजीला विचारलं. परवा गौरी झाल्या, तेव्हा तिनं भाकरी बाजूला काढून ठेवली म्हणे. घरातले सांगतात, तिची तब्येत बरी नाही, पाऊस आहे, गाडी नाही. मलाही तेच सोयीचं पडलं. दहा महिने मी घाटघरच्या वाटेला गेलो नाही.

मंगळवारी दुपारभर मी खुर्चीत बसलो आणि कागद गुडघ्यावर होता. गयेला पिंड पडले की माणूस सुटतं म्हणतात. मोहितनंही तेच सांगितलं होतं, तिथं एकदा केलं की दरवर्षी घालायची गरज राहत नाही. म्हणजे मग तिला बोलवायचं नाही. तिला तिकडं सोडून द्यायची आणि इकडं तिची आई भाकरी काढून दारात बसलेली, ही दोन कामं एका आठवड्यात कशी करायची? पाठीत कळ आली तरी मी उठलो नाही. डिशवर काम करताना एक शिकलो होतो. वर चढल्यावर खाली बघितलं की हात सुटतो. एक पट्टी धरायची, तिचा गंज खरवडायचा, मग रंग, मग पुढची पट्टी. चार वाजता मी उठलो आणि पिशवी भरली. धोतर, टॉवेल, गोळ्या.

संध्याकाळी मोहित आला आणि पिशवी बघून म्हणाला, "हे काय, शुक्रवारची तयारी आत्ताच?"

"उद्या घाटघरला जातो. तुझ्या आजीला सांगायचंय."

त्यानं बूट काढता काढता अक्षदाकडं बघितलं. "आबा, दहा महिने गेले. आता सांगून काय मिळणार? आजीचं वय बघा. काही झालं तिला तर?"

"झालं तर झालं."

"तुम्ही असं बोलताय?"

"मग कसं बोलू? शुक्रवारी मी विमानात बसायचं असंल तर आधी सांगून येणार. नाहीतर माझं तिकीट परत कर."

"आणि तिथं काय, मंगल म्हणून सांगितलंय भटजीला—"

"तिथलं नाव मी सांगीन."

अक्षदा म्हणाली, "जाऊ द्या ना, अहो. रिक्षानं जुन्नरपर्यंत सोडा त्यांना." मोहित चिडला की कपाळ चोळतो, आईसारखं. बराच वेळ चोळत होता. मग म्हणाला, "जीपनं नका जाऊ, कोंबतात. एसटी बघा." तेवढ्यावर आमचं मिटलं.

जुन्नरहून घाटघरची एसटी आपटाळ्यापुढं रिकामी झाली. खिडकीची काच अर्धी वर होती आणि पावसाचे बारीक शिंतोडे मांडीवर येत होते. धरणाचं पाणी दिसलं तसं मला आमचं गाव आठवलं. पाणी हे वेगळं, धरण वेगळं, पण पाणी भरलं की सगळी धरणं सारखी दिसतात. आमचं गाव पाण्यात गेलं तेव्हा मी खोडदला रंगाचा डबा घेऊन वर चढलेलो होतो. आई रडली, मी रडलो नाही. कागदावर गावाचं नाव अजून आहे, माझ्या जन्माच्या दाखल्यावर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. त्यावर मला कधी काही वाटलं नाही. ही मात्र दरवर्षी उन्हाळ्यात पाणी उतरलं की म्हणायची, चला बघून येऊ, देवळाचा चौथरा दिसतो म्हणतात. मी म्हणायचो, काय बघायचं चिखलात? एकदाही नेली नाही. आणि तिच्या माहेरी, जिथं तिला तिच्या नावानं हाक मारायला माणसं होती, तिथंही मी तिला वर्षातून दोनदाच पाठवायचो. तिथून ती आली की दोन-तीन दिवस वेगळी असायची. 'अगं' म्हटलं तर लगेच बघायची नाही. मला वाटायचं, माहेरी जाऊन आली की माज चढतो. आईही तेच म्हणायची. आता कळतं, नाव ऐकून आलेली असायची ती, आणि ते कानातून उतरायला दोन-तीन दिवस लागत असतील. की हेही मी आता माझ्या सोयीनं रचतोय? तिला विचारायला हवं होतं. वळणावर गाडी हिसका देत होती आणि मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून एकच गोष्ट मनात धरली होती. बोलायचं. दोन अक्षरं. ओठ न हलवता ती म्हणून बघत होतो आणि मनातसुद्धा दुसऱ्या अक्षराशी अडकत होतो.

घाटघरला धुकं उतरलेलं होतं. वाटेवर सोनकी फुललेली, पायाला ओली लागत होती. सावळेराम अंगणातच भेटला. डोक्यावर इरलं, हातात म्हशीचं दावं. मला बघून त्यानं आधी दावं खुंटीला गुंडाळलं, मग पाया पडला, आणि उठता उठता हळूच म्हणाला, "कशापायी आला ते वळाकलं. दाजी, च्या घ्या, भाकर खा, पाचच्या गाडीनं माघारी जा."

"सांगूनच जाणार."

"बरं हाय तुमचं. म्हातारी खपली तर तुमी खांदा द्याल न् विमानात बसाल. मोहितचा फोन आला व्हता रातच्याला, समदं ठावं हाय. मागं रांधायचं, निस्तरायचं आमी."

"निस्तरायला मी थांबतो. विमान जाऊ दे."

"तसं न्हाई वो दाजी." तो वरमला. "जिती हाय तवर आशेवर हाय. काय वाईट हाय त्यात?"

त्याची बायको सरूबाई दारात येऊन उभी राहिली होती. ओले हात तिनं कमरेला पुसले. "वाईट काय ते मला इचारा," ती म्हणाली. "तुमी जाता रानात. दिसभर माझ्या मागं, सरू, गया आली का, सरू, गया दिसती का. मी म्हनते, येईल, येईल. रोज खोटं बोलून माझ्या तोंडाची चव गेलीया. सांगू द्या पावण्यांना. तेंचा हक्क हाय." सावळेराम म्हणाला, "तू गप." ती म्हणाली, "दहा महिनं गपच हाय." तो बाजूला झाला.

गोजरबाई पडवीत सूप घेऊन बसली होती. नाचणी निवडत होती, डोळ्यांनी नाही, बोटांनी. खडा लागला की चिमटीत धरून बाजूला टाकायची. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. "कोन, पावणं का? या. बसा. गया मागनं येती का?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. शेणानं सारवलेली जमीन गार होती. तिच्या हाताचा अंगठा सुपात फिरत होता, तसाच रुंद, तसाच टोकाला वाकलेला. मुलीनं तो तिच्याकडूनच घेतला होता.

"मामी, तुमची पोर गेली," मी म्हणालो.

बोटं फिरतच राहिली. "कंची?" ती म्हणाली. "मला तीन पोरी."

फोनवर विचारलं होतं तसंच तिनं विचारलं. या वेळी फोन द्यायला कुणी नव्हतं. मागं सावळेराम उभा असावा, सरूबाई असावी, पण मी वळून बघितलं नाही. पहिलं अक्षर घशातून निघतं, त्याला तोंड उघडावंच लागतं. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "गया."

माझ्याच कानाला ते अनोळखी लागलं. कुणीतरी दुसरं बोलल्यासारखं. म्हातारीची बोटं थांबली.

"कवा?"

"कार्तिकात."

तिनं मनात महिने मोजले असावेत, ओठ हलत होते. "तवा फोन आला व्हता तुमचा. त्योच का?"

"त्योच."

"मंग तवा का न्हाई सांगितलं?"

"मामी, माझ्या तोंडून नाव निघंना."

मी वाट बघत होतो की ती हंबरडा फोडेल, छाती पिटेल. मला तेच हवं होतं की काय कोण जाणे, म्हणजे मीही मोकळा झालो असतो. तिनं सूप उचलून बाजूला ठेवलं. नीट, एक दाणा न सांडता. पदर डोक्यावर ओढला. पावसाकडं तोंड केलं. सरूबाई आत रडत होती, ते ऐकू येत होतं. मग म्हातारी म्हणाली, "जाताना तिला हाक कुनी मारली?"

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. त्यांच्याकडं जीव जायला लागला की जवळचं माणूस तीनदा नावानं हाक मारतं. माघारी यायचं असलं तर ते ऐकून माघारी येतं, आणि जायचंच असलं तर आपलं नाव बरोबर घेऊन जातं. हाक मारली नाही तर आपण कोण ते त्याला वाटेत सांगता येत नाही. "कुनी मारली?" तिनं पुन्हा विचारलं.

"मोहितनं मारली. आई म्हणून. सुनेनंबी आई म्हणूनच."

"आन् तुमी?"

खोटं बोलता आलं असतं. ती तिथं नव्हती. "मी अगं म्हणालो," मी सांगितलं.

"अगं म्हंजी कुनीबी."

"व्हय."

ती जमिनीला हात टेकून उठायला लागली. सावळेराम पुढं धावला, तिनं त्याला झिडकारलं आणि चाचपडत माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती, मला वाटलं नव्हतं तेवढी. "चला," म्हणाली. आम्ही अंगण ओलांडलं. पाऊस बारीक होता, तिच्या पदरावर थेंब साठत होते. अंगणाच्या टोकाला दगडी बांध आहे, त्याच्या खाली भातखाचरं आणि समोर उताराचं गवत. धुक्यानं सगळं झाकलेलं होतं. बांधाला पाय लागल्यावर ती थांबली.

"मारा."

"आता?"

"मंग कवा? मी मारली आसती, माझ्या गळ्यात दम न्हाई. तीनदा. मोठ्यानं मारा, लांब गेली आसंल."

मागून सावळेराम म्हणाला, "आये, गाव बघतंय." ती म्हणाली, "बघू दे. गावानंबी आयकावं." मला लाज वाटली, हे कबूल केलं पाहिजे. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर टॉवेल, सासरवाडीच्या बांधावर उभा राहून बायकोला नावानं हाका मारणार. आयुष्यभर जे केलं नाही ते. मी तोंडाशी हात धरले, वर चढलेल्या माणसाला खालून सांगताना धरतात तसे. दुर्बिणीवर ओरडायला बंदी होती. इथं नव्हती. मी हाक मारली. "गयाऽऽ!"

आवाज अर्ध्यात फाटला. धुक्यात गेला आणि काही वेळ काहीच झालं नाही. मग समोरच्या उतारावरून, गवतातून, बाईचा आवाज आला.

"ओऽऽ! कोन हाय?"

माझे हात खाली आले. म्हातारीनं मनगट परत धरलं. धुकं थोडं विरलं तेव्हा दिसलं, उतारावर एक बाई उभी राहिली होती. हातात विळा, डोक्यावर गवताचा अर्धा भारा. साठीकडं आलेली, काटक. ती आमच्या बाजूला बघत होती.

"रखमाजीची गया ती," म्हातारी म्हणाली. "माझा सासरा वाण्याच्या मानसांबरूबर वझी व्हायला गेला व्हता काशी-गयेला. माघारी आला त्या साली गावात दोन पोरी झाल्या. दोघींचं नाव त्यानंच ठिवलं. बिचारीला नवऱ्यानं टाकली, माघारी आली. म्हनून नाव राह्यलं तिचं."

"कोन हाक मारतंय?" ती बाई पलीकडून ओरडली. "काय काम हाय वो?"

सावळेराम माझ्या खांद्याशी येऊन म्हणाला, "बास दाजी आता. ती भारा टाकून खाली येईल बगा." ती खरंच विळा कमरेला खोचत होती. तिला काय सांगायचं मला सुचत नव्हतं. तुला नाही म्हणावं, तर नाव तिचंच होतं. काम काही नाही म्हणावं, तर ते खोटं होतं. मी म्हातारीकडं बघितलं. तिचं तोंड समोर होतं, उताराकडं, त्या बाईच्याही वर, जिथं धुक्याशिवाय काही नव्हतं.

"एक झाली," ती म्हणाली.

मी छाती भरून घेतली.